माहीत झाल्यानंतरची खरेदी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कारखान्यात आग लागून कामगार दगावल्याची, किंवा एखाद्या नावाजलेल्या कंपनीला कच्चा माल पुरवणाऱ्या खाणीत लहान मुले राबत असल्याची बातमी छापून आली की पुढचे काही दिवस वाचकांच्या पत्रव्यवहारात दोन मते हमखास दिसतात. अशा कंपनीचा माल घेणारा प्रत्येक ग्राहक त्या पापात वाटेकरी आहे, असे एक मत असते. दुसरे मत असे की आजच्या जगात कोणतीही वस्तू पूर्णपणे निर्मळ उरलेली नाही, तेव्हा सामान्य माणसाने स्वतःला दोष लावून घेण्यात अर्थ नाही. हे काम सरकारांचे आहे आणि त्यांनीच ते करावे. ही दोन्ही मते प्रामाणिकपणे मांडली जातात हे मला मान्य आहे, परंतु दोन्हींचा व्यवहारातला परिणाम एकच होतो असे मला वाटते. पहिल्या मताने माणूस इतका दडपून जातो की तो या प्रश्नाकडे पाहणेच सोडून देतो आणि दुसऱ्या मताने त्याला न पाहण्याची परवानगी मिळते. आपल्या पैशाचा माग शेवटच्या हातापर्यंत लावणे कोणालाच शक्य नाही, आणि जे शक्य नाही ते कर्तव्य असू शकत नाही. मात्र एखादी गोष्ट कळल्यानंतर ग्राहकाची जबाबदारी सुरू होते, आणि ती निमूटपणे दुसऱ्या दुकानात गेल्याने संपत नाही, एवढे मला या पत्रातून थोडे विस्ताराने मांडायचे आहे.

जबाबदारी कळण्यापासून सुरू होते हा विचार माझ्या पदरचा नाही. चोरीचा माल विकत घेणाऱ्याला अनेक देशांचे फौजदारी कायदे हीच कसोटी लावतात. माल चोरीचा निघाला एवढ्यावरून घेणारा गुन्हेगार ठरत नाही. तो चोरीचा आहे हे त्याला ठाऊक होते का, किंवा तसे मानण्यास पुरेसे कारण त्याच्यापुढे होते का, हे पाहिले जाते. या कसोटीचा उत्तरार्ध मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे ‘मला कोणी सांगितले नव्हते’ एवढे म्हणून सुटका होत नाही. किंमत संशय यावा इतकी कमी असेल, किंवा माल कुठून आणला हे सांगायला विकणारा टाळाटाळ करत असेल, तर विचारणे हे घेणाऱ्याचे काम होते असे कायदा मानतो. दुकानातल्या सदऱ्याला किंवा खिशातल्या फोनला हा न्याय जसाच्या तसा लावता येणार नाही हे उघड आहे, कारण तिथे वस्तू आणि अन्याय यांच्यामध्ये अनेक देश, अनेक कंत्राटदार आणि त्यांचे उपकंत्राटदार उभे असतात. तरीही ‘मानण्यास कारण’ आज आपल्या सर्वांपुढे छापील स्वरूपात आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात अडकलेली होती आणि लैंगिक शोषणाचा धंदा वेगळा धरला तरी त्यांपैकी सुमारे १ कोटी ७३ लाख माणसे खासगी मालकांच्या शेतांत, कारखान्यांत, बांधकामांवर, मासेमारीच्या बोटींवर आणि घरांत राबत होती. एवढ्या माणसांच्या श्रमातून तयार झालेले काहीच आपल्या हाती येत नाही असे कोणी गंभीरपणे म्हणू शकणार नाही.

‘मी एकट्याने न घेतल्याने काय फरक पडतो?’ हा या विषयातला सर्वांत जुना आणि सर्वांत समजूतदार वाटणारा प्रश्न आहे. त्याला उत्तर देण्याचा एक मोठा प्रयत्न सव्वादोनशे वर्षांपूर्वी झाला. १७९१ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घालणारा प्रस्ताव १६३ विरुद्ध ८८ मतांनी फेटाळला, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये निघालेल्या एका पत्रकाने लोकांना सांगितले की संसदेने केले नाही ते तुमच्या घरात करता येईल. वेस्ट इंडीजमधली साखर गुलामांच्या श्रमाने पिकते, तेव्हा ती घेऊ नका, असे ते आवाहन होते. त्या पत्रकात एक हिशेबही मांडला होता: आठवड्याला पाच पौंड साखर आणि त्या प्रमाणात रम वापरणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने दोन्ही वर्ज्य केले, तर एका माणसाची गुलामगिरी किंवा हत्या टळते. हा हिशेब काटेकोर होता असे कोणी म्हणणार नाही. पण त्यातली दृष्टी नवी होती, कारण तिने ग्राहकाला त्याच्या वाट्याची जबाबदारी माणसांच्या मापात मोजून दाखवली. या चळवळीतले एक अग्रणी थॉमस क्लार्कसन यांनी देशभर फिरल्यानंतर अंदाज केला की सुमारे तीन लाख लोकांनी साखर सोडली आहे. या लोकांत स्त्रियांचा वाटा मोठा होता, आणि स्त्रियांना त्या काळी मताचा अधिकार नव्हता; घरात काय आणायचे हे ठरवणे एवढाच सार्वजनिक निर्णय त्यांच्या हाती होता आणि तो त्यांनी वापरला.

साखर सोडल्याने गुलामगिरी संपली असे मात्र मी म्हणणार नाही. गुलामांचा व्यापार कायद्याने बंद व्हायला १८०७ साल उजाडले, आणि बहुतेक ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३ साली झाला. मळेवाल्यांचे दिवाळे काही त्या तीन लाख लोकांमुळे निघाले नाही. पण ज्या काळात संसद बंदी घालायला तयार नव्हती त्या काळात तो विषय लाखो घरांत रोज बोलला गेला, पाहुण्यांना समजावून सांगितला गेला, मुलांच्या कानावर पडला, आणि पुढे संसदेपुढे अर्जांचे ढीग पडले तेव्हा त्यांवर सह्या करणारे लोक आयते तयार होते. एकट्याच्या नकाराचे मोल विक्रीतल्या घटीपेक्षा या बोलण्यात अधिक होते, आणि याच कारणाने आजच्या ग्राहकालाही त्या प्रसंगापासून शिकण्यासारखे आहे.

आता ‘एकट्याने काय होते’ याचा निव्वळ व्यापारी हिशेब पाहू. दुकानदार माल एकेक नगाने मागवत नाही, गठ्ठ्याने मागवतो. तेव्हा शंभरातल्या नव्याण्णव ग्राहकांनी एक नग न घेतल्याने त्याच्या मागणीत काहीच बदल होत नाही, आणि एखाद्या ग्राहकाच्या न घेण्याने मात्र अख्खा गठ्ठा पुढच्या वेळी मागवला जात नाही. तो ग्राहक आपण असू की नाही हे कोणालाच आधी सांगता येत नाही. म्हणून ‘माझ्या न घेण्याने नक्कीच काही होत नाही’ हे विधान जेवढे चुकीचे आहे, तेवढेच ‘माझ्या न घेण्याने नक्कीच एक नग कमी बनतो’ हेही चुकीचे आहे. खरे आहे ते एवढेच की परिणामाची शक्यता थोडी आहे आणि झाला तर तो मोठा आहे. हा हिशेब मला पटतो, पण मी त्यावर सगळी भिस्त ठेवत नाही. परिणाम शून्य असता तरीही, ज्या व्यवहारात दुसऱ्याच्या छळावर माझी बचत उभी आहे हे मला माहीत आहे, त्यात सुखाने सामील होणे ही गोष्ट माझ्या वागण्याचा भाग राहतेच, आणि माणूस आपल्या वागण्याचा जाब परिणामांच्या पलीकडेही देणे लागतो.

इथवर जे लिहिले त्यावरून ‘कळले की बहिष्कार टाका’ असा निष्कर्ष कोणी काढील, आणि तिथेच सर्वांत गंभीर चूक होण्याचा संभव आहे. अन्यायाची बातमी वाचून आपल्याला जो उमाळा येतो तो आपले मन हलके करण्यासाठी असू शकतो, आणि त्याची किंमत तोच मनुष्य मोजतो ज्याच्यासाठी आपण कळवळलो. १९९२–९३ च्या सुमारास अमेरिकेच्या सिनेटमध्ये बालमजुरांनी तयार केलेल्या मालाची आयात रोखणारे विधेयक मांडले गेले. ते मंजूर होण्यापूर्वीच बांगलादेशातल्या तयार कपड्यांच्या कारखानदारांनी घाबरून मुलांना कामावरून काढायला सुरुवात केली आणि सुमारे पन्नास हजार मुले बाहेर पडली असा अंदाज केला गेला. युनिसेफने नंतर लिहिले की त्यांतली कित्येक मुले शाळेत न जाता दगड फोडण्यासारख्या, आणि त्याहूनही वाईट, कामांत गेली. परदेशी ग्राहकाच्या सदऱ्यावरचा डाग गेला आणि मूल अधिक अंधाऱ्या जागी ढकलले गेले. पुढे १९९५ साली कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्यात समझोता झाला, त्यात मुलांना शाळा आणि घरी थोडी रक्कम मिळण्याची सोय झाल्याशिवाय काढायचे नाही असे ठरले. ही अक्कल सुरुवातीलाच वापरता आली असती. त्या मुलांना आणि त्यांच्या आयांना आधी विचारले असते तर ती वापरलीही गेली असती.

म्हणून माझ्या मते पहिला प्रश्न ‘मी निर्मळ कसा राहू?’ हा नसावा. ज्यांच्यावर अन्याय होतो आहे ते आपल्याकडून काय मागत आहेत, हा असावा. त्याची उत्तरे ठिकाणागणिक वेगळी येतात. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीच्या मालावर बहिष्कार टाका, ही मागणी तिथल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीनेच केली होती. त्या चळवळीचे नेते अल्बर्ट लुथुली यांनी हाक दिली आणि १९५९ च्या जूनमध्ये लंडनमध्ये ती मोहीम सुरू झाली. बहिष्काराने सगळ्यात आधी गोरगरीब काळ्या मजुरांचेच हाल होतील, हा आक्षेप त्यांच्यापुढे तेव्हाही ठेवला जात होता, आणि हाल आम्ही आजही सोसतोच आहोत, मुक्ती लवकर येणार असेल तर हेही सोसू, अशा आशयाचे उत्तर ते देत होते. हे उत्तर देण्याचा अधिकार फक्त त्यांना होता. लंडनमधल्या एखाद्या ग्राहकाने ते त्यांच्या वतीने दिले असते तर ते उद्धट ठरले असते. १९८४ साली डब्लिनमधल्या एका मोठ्या दुकानातल्या तरुण कॅशियरने आपल्या कामगार संघटनेच्या ठरावाप्रमाणे दक्षिण आफ्रिकेची फळे गिऱ्हाइकाला विकायला नकार दिला, तेव्हा तिला निलंबित केले गेले आणि तिच्या मोजक्या सहकाऱ्यांसह ती जवळजवळ तीन वर्षे संपावर राहिली. १९८७ साली आयर्लंडच्या सरकारने दक्षिण आफ्रिकेतून येणाऱ्या फळे-भाज्यांवर बंदी घातली. एवढ्याशा संपाला बळ आले ते त्यामागे पीडितांची स्वतःची मागणी होती म्हणून.

ढाक्याजवळच्या सावार इथली ‘राना प्लाझा’ ही इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली तेव्हा मागणी नेमकी उलटी होती. आदल्या दिवशी इमारतीला तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकाने बंद केली गेली, आणि वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले. अकराशेहून अधिक माणसे मेली, सुमारे अडीच हजार जखमी झाली आणि ढिगाऱ्यात युरोप-अमेरिकेतल्या ओळखीच्या ब्रँडची लेबले सापडली. पाश्चात्त्य शहरांत बहिष्काराची भाषा सुरू झाली. पण बांगलादेशातल्या कामगार चळवळीतल्या अनेकांनी कळवळून सांगितले की आमचे काम काढून घेऊ नका, या कंपन्यांना इथेच राहू द्या आणि त्यांच्याकडून लेखी जबाबदारी घ्या. महिन्याभरातच कामगार संघटना आणि कंपन्या यांच्यात इमारतींच्या आणि आगीच्या सुरक्षिततेबद्दल कायदेशीर बंधन असलेला करार झाला आणि पुढे दोनशेहून अधिक कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या. त्याखाली दीड हजाराहून अधिक कारखाने अभियंत्यांनी तपासले, कुलूप लावता येणारी बाहेरची दारे काढवली, आगीपासून सुरक्षित जिने करवले. दोन कंपन्या मागे सरल्या असे वाटले तेव्हा कामगार संघटनांनी हेगच्या लवादाकडे दावे नेले आणि दोन्हींत तडजोड झाली. हा करार मजुरीच्या प्रश्नाला हात घालत नव्हता, ही त्याची मर्यादा मी विसरत नाही. पण जे मिळाले ते ग्राहकांनी त्या देशाचा माल टाकून दिला म्हणून मिळाले नाही, तर ब्रँडना नावानिशी जाब विचारला म्हणून मिळाले.

बहिष्कार योग्य असतो तेव्हाही तो निरपराध माणसांना लागतो, हे टाळता येत नाही; त्यांच्या नजरेला नजर देण्याची तयारी मात्र ठेवता येते. गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले महात्मा गांधी सप्टेंबर १९३१ मध्ये लँकेशायरमधल्या डार्वेन या गिरणगावात गेले होते. परदेशी कापडावरच्या बहिष्काराने तिथले गिरणी कामगार आधीच्या मंदीत आणखी होरपळले होते. त्या बेकारांना भेटून त्यांनी त्यांचे दुःख नाकारले नाही आणि आपली बाजूही सोडली नाही, आणि त्या कामगारांनी त्यांचे स्वागत केले. बहिष्काराचा पुरस्कार करणाऱ्या प्रत्येकाला असा प्रवास शक्य नसला, तरी आपल्या निर्णयाचा फटका कोणाला बसेल हे माहीत करून घेणे शक्य आहे.

प्रमाणपत्रे आणि लेबले यांबद्दल मला थोडे कठोरपणे लिहिणे भाग आहे, कारण बहुतेक सज्जन ग्राहक तिथेच थांबतात. कराचीतल्या एका कपड्यांच्या कारखान्याला ११ सप्टेंबर २०१२ रोजी आग लागली आणि खिडक्यांना गज व दारे बंद असल्यामुळे अडीचशेहून अधिक कामगार आत मेले. त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच एक आंतरराष्ट्रीय मान्यतेचे कामगार-कल्याण प्रमाणपत्र मिळाले होते. तपासणीचे पैसे ज्याची तपासणी व्हायची तोच देतो आणि तपासनीस येणार हे आधी कळलेले असते, या दोन गोष्टी जिथे आहेत तिथे कागद आणि वास्तव यांची फारकत होणारच. कधी दोष लेबलाच्या व्याख्येत असतो. रक्तरंजित हिऱ्यांचा व्यापार रोखण्यासाठी २००३ साली ‘किंबर्ली प्रक्रिया’ ही प्रमाणपत्र योजना सुरू झाली, पण तिच्या व्याख्येत फक्त बंडखोर टोळ्यांच्या युद्धाला पैसा पुरवणारे कच्चे हिरे येतात. त्यामुळे २००८ साली झिंबाब्वेतल्या मरांगे इथे सरकारच्याच सैन्याने हिरे शोधणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, तरी तिथला हिरा व्याख्येबाहेर राहिला. ही प्रक्रिया उभी करण्यासाठी झटलेली ‘ग्लोबल विटनेस’ ही संस्था २०११ साली तिच्यातून बाहेर पडली. आणि कोकोच्या बाबतीत तर अनेक योजनांत ‘मास बॅलन्स’ नावाची पद्धत चालते, तिच्यात प्रमाणित आणि अप्रमाणित बिया एकत्र मिसळल्या जातात आणि फक्त वजनांचा ताळा जमवला जातो. म्हणजे वेष्टनावर खूण असली तरी आतला कोको त्याच शेतातला असेल असे नाही. ही पद्धत पूर्णपणे निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही, कारण जास्तीचे पैसे कोठेतरी प्रमाणित शेतकऱ्यापर्यंत पोचतात. पण खूण पाहून ग्राहक जे समजतो आणि त्या खुणेचा जो खरा अर्थ असतो, त्यांतले अंतर छापील अक्षरांत सांगितले जात नाही. चॉकलेट कंपन्यांनी २००१ साली बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार संपवण्याचा करार केला, त्याची मुदत २००५ होती, ती पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली, आणि २०२० साली शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांच्या कोको पट्ट्यात १५ लाखांहून अधिक मुले कोकोच्या शेतांत बालमजुरी करत असल्याचा अंदाज दिला. ऐच्छिक वचनांवर किती काळ विसंबायचे याचे उत्तर या तारखाच देतात.

आतापर्यंत मी अन्याय वस्तूच्या घडणीतच आहे अशा खरेदीबद्दल लिहिले. वस्तू स्वच्छ आहे, पण विकणारा आपला नफा अन्यत्र दुष्कृत्यासाठी वापरतो, हा प्रकार वेगळा आहे आणि तिथे अधिक जपून बोलले पाहिजे. गरीब देशांत बाळाच्या दुधाच्या भुकटीची आक्रमक जाहिरात करणाऱ्या नेस्ले कंपनीवर १९७७ साली बहिष्कार सुरू झाला, तेव्हा लोकांनी त्या कंपनीची कॉफीही सोडली, जरी कॉफीने कोणत्याही बाळाचे नुकसान केले नव्हते. ते योग्यच होते असे मला वाटते, कारण निर्णय घेणारे संचालक मंडळ एकच होते, मागणी नेमकी होती, आणि ती मान्य झाली की थांबायचे हेही ठरलेले होते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने अशा जाहिरातींबद्दलची आंतरराष्ट्रीय संहिता स्वीकारली, तिच्यामागे या दबावाचा मोठा वाटा आहे. मात्र एखाद्या दुकानाच्या मालकाचे मत मला घृणास्पद वाटते, किंवा तिथल्या एका पुरवठादाराचा भाऊ कोणत्या तरी पक्षाला देणगी देतो, एवढ्यावरून तिथली खरेदी पाप ठरवणे मला मान्य नाही. आपला पैसा आणि दुष्कृत्य यांच्यामध्ये जितक्या स्वतंत्र माणसांचे स्वतंत्र निर्णय येतात तितका आपला वाटा पातळ होत जातो. त्याच पैशातून नोकरांचे पगार आणि सरकारचे करही जातात. तो वाटा दुष्कृत्य प्रचंड असेल तरच पुन्हा दाट होतो, आणि अशी वेळ ओळखण्यासाठी रागापेक्षा माहितीची गरज अधिक असते. वापरलेली वस्तू दुसऱ्या ग्राहकाकडून घेणे हा अनेकांना सोपा मार्ग वाटतो. तो बव्हंशी ठीक आहे, त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

ऐपतीचा मुद्दा मात्र टाळून चालणार नाही. ज्याला मुलासाठी सर्वांत स्वस्त कपडाच परवडतो त्याला नीतीचे पाठ देणे हे मला अन्यायावर अन्याय वाटते. तो बहुधा त्याच साखळीच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो. निवड करण्याची मोकळीक जितकी अधिक, तितकी जबाबदारी अधिक. आणि काही वस्तूंत मोकळीक कोणालाच नाही. बॅटऱ्यांसाठी लागणारे जगातले दोन तृतीयांशाहून अधिक कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून निघते, त्यातले काही हातांनी खणणारी माणसे, मुलांसह, काढतात, आणि शुद्धीकरणाच्या भट्टीत सगळे एकजीव झाल्यानंतर कोणत्या बॅटरीत कोणाचे श्रम गेले हे वेगळे करता येत नाही. अशा ठिकाणी ‘न घेणे’ हा मार्गच नसतो. यंत्र शक्य तितकी अधिक वर्षे वापरावे, आणि उरलेली सगळी शक्ती कायद्याकडे वळवावी.

हे सगळे मान्य करून मी पुन्हा बोलण्याच्या मुद्द्याकडे येतो, कारण आपण सर्वांत कमी करतो ते हेच. गुपचूप घेणे थांबवलेल्या ग्राहकाचे कारण दुकानदाराला कळत नाही. त्याला वाटते की रंग आवडला नसेल किंवा भाव जास्त झाला असेल, आणि भाव जास्त झाला असे वाटून तो पुरवठादाराला आणखी पिळतो. म्हणजे मूक नकार कित्येकदा नेमक्या त्याच माणसाच्या मानेवर बसतो ज्याला वाचवण्यासाठी तो दिला होता. म्हणून घेणे थांबवताना किंवा घेत असतानाही लिहून विचारले पाहिजे: हा माल कोणत्या कारखान्यात शिवला गेला, तिथे कामगार संघटना आहे का, तपासणीचा अहवाल उघड का नाही. हे सांगणे अशक्य आहे असे कंपन्या वर्षानुवर्षे म्हणत होत्या, व्यापारी गुपित म्हणत होत्या; अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी आणि कामगार संघटनांनी लावून धरल्यानंतर २००५ साली नाइकेने आपल्या पुरवठादार कारखान्यांची नावे-पत्ते जाहीर केले आणि तिचा धंदा बुडाला नाही. आज अशा याद्या अनेक कंपन्या प्रसिद्ध करतात, आणि आग लागल्यावर कोणत्या ब्रँडचा माल तिथे होता हे दाखवायला कामगारांना दर वेळी ढिगाऱ्यातून लेबले वेचावी लागत नाहीत.

कायदाही याच दिशेने सरकला आहे. फ्रान्सने २०१७ साली मोठ्या कंपन्यांवर आपल्या पुरवठादारांबाबत दक्षतेचे कर्तव्य टाकले. जर्मनीचा असाच कायदा २०२३ पासून लागू झाला. चीनमधल्या शिनजियांग प्रांतात तयार झालेला माल सक्तीच्या श्रमाचाच आहे असे गृहीत धरणारा आणि तसा नसल्याचा पुरावा आयातदाराकडून मागणारा अमेरिकेचा कायदा जून २०२२ पासून अमलात आहे. या शेवटच्या कायद्यात मला वर सांगितलेल्या ‘मानण्यास कारण’ या तत्त्वाचे सर्वांत स्पष्ट रूप दिसते, कारण त्याने कळून घेण्याचे ओझे एकट्यादुकट्या ग्राहकावरून काढून ज्याला कळू शकते अशा व्यापाऱ्यावर टाकले. युरोपीय संघाने २०२४ साली सर्व सदस्य देशांसाठी फ्रान्स-जर्मनीसारखाच नियम केला, आणि एका वर्षाच्या आत उद्योगांच्या तक्रारींपुढे नमून त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली. तक्रार करणारे उद्योग संघटित होते आणि ज्यांच्या नावाने नियम केला ते ग्राहक गप्प होते, ही गोष्ट मला अतिशय लागली. जे म्हणतात की हे काम सरकारांचे आहे, त्यांनी अशा वेळी सरकारला पत्र लिहिले होते का, असे मी त्यांना कळकळीने विचारू इच्छितो.

संपादक महोदय, या विषयात आपल्यासारख्या वृत्तपत्रांच्या हाती जे आहे ते कोणत्याच ग्राहकाच्या हाती नाही, म्हणून एक विनंती करतो. दुर्घटनेच्या बातमीत मृतांचा आकडा आणि मालकाच्या अटकेची बातमी येते, पण तिथला माल कोणासाठी बनत होता, त्या खरेदीदार कंपन्यांची नावे, त्यांनी त्या कारखान्याची तपासणी केव्हा करवली होती आणि तिचा निष्कर्ष काय होता, हे क्वचितच येते. पडताळून खात्री झालेली ही माहिती बातमीतच छापावी. कंपनीने उत्तर दिले नाही तर तेही तसेच छापावे. आणि सहा महिन्यांनी, वर्षाने, नुकसानभरपाई मिळाली का व कारखाना कोणत्या अटींवर पुन्हा सुरू झाला, याची बातमी त्याच पानावर पुन्हा द्यावी. आपल्याला जाहिराती देणाऱ्या कंपनीचे नाव त्यात आले तरीही ती द्यावी.

आपला नम्र,
एक नियमित वाचक